दांड्याच्या जागी दोरी

लालबागच्या तात्या जॉबरांना त्यांच्याच चाळीच्या कमिटीने फसवलं. घरमालकाने नव्हे, डॉक्टरने नव्हे, दैवाने तर नव्हेच. कमिटीने त्यांच्याबरोबर मलाही फसवलं. पण मी त्या दिवशी दोन पायांवर घरी गेलो आणि तात्या त्यानंतर कधी उभे राहिले नाहीत, म्हणून त्यांचं नाव आधी लिहिलं.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातल्या गमती लिहायला सांगितलं होतं. गमती आहेत, त्याही सांगतो. पण गिऱ्हाइकाला तास तास माल दाखवून शेवटी भाव सांगायची माझी पद्धत नाही. मी भाव आधी सांगतो. परवडत नसेल त्याने पान उलटावं.

माझं दुकान चिंचपोकळीला. काठ्या, कुबड्या, पाठ टेकायच्या फळ्या, आजाऱ्यांच्या खाटा. विकत आणि भाड्यानेही. वेंगुर्ल्याकडून आलो तेव्हा माझ्याजवळ एक रंधा होता आणि तोही मामाचा. मुंबईत माणसं सारखी पडतात, हे मी आल्या आल्या पाहिलं. गिरणीत पडतात, गोदीत पडतात, जिन्यावरून पडतात, दारू पिऊन पडतात आणि न पिताही पडतात. पडलेल्या माणसाला उभं करायला लाकूड लागतं. एवढ्या एका विचारावर मी दुकान काढलं. लोक मला भांडखोर म्हणतात, ते खरं आहे. लाकडाच्या वखारीत मवाळ माणसाच्या वाट्याला गाठीचं लाकूड येतं.

काठी म्हणजे काय, एक दांडकं आणि वर मूठ, असं सगळ्यांना वाटतं. मग गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "मेस्त्री, आमचे वडील साडेपाच फूट आहेत, त्यांना लागेल अशी द्या." काठी माणसाच्या उंचीवरून बेतत नाहीत. तो ज्या वहाणा घालून चालतो त्या घालून त्याने उभं राहायचं, हात सैल सोडायचा, आणि काठीची मूठ त्याच्या मनगटाच्या घडीशी यायला हवी. उंच झाली तर खांदा वर चढतो. ठेंगणी झाली तर माणूस तिच्या मागे ओणवत जातो. खाली रबराची टोपी हवी आणि ती झिजली की बदलायला हवी. माणूस समोर नसेल तर मी काठी विकत नसे. या एका नेमापायी मी जेवढी गिऱ्हाइकं घालवली तेवढी माझ्या तोंडानेसुद्धा घालवली नसतील.

एकदा गिरगावातून एक बाई आल्या. जुनं घराणं, नाकात मोत्याची नथ, बरोबर गडी. यजमान मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, त्यांना कंपवात. बाईंनी एक कोट माझ्या पुढ्यात ठेवला.

"माप आणलंय."

"बाई, मी शिंपी नाही. यजमान कुठे आहेत?"

"ते घरी. त्यांना कशाला आणायचं इतक्या लांब? कोट त्यांचाच आहे."

"कधीचा?"

"रिटायर झाले तेव्हाचा."

"त्यानंतर ते वाकले किती?"

बाईंनी कोटाची घडी उलगडून पाहिली. मग म्हणाल्या, "कळत नाही हो. रोज बघते ना मी."

मी त्यांच्या घरी गेलो. यजमान त्या कोटातून चांगले वीतभर खाली आले होते. काठी करून दिली. पुढच्याच आठवड्यात बाईंचा निरोप आला, तुमच्या काठीने आमचे हे घसरले. मी तावातावाने गेलो. पाहतो तर काठीची रबरी टोपी गायब आणि तिच्या जागी झकपक पितळी टोपण. रबराचे काळे डाग लादीवर पडत होते म्हणून बाईंनी ती काढून टाकली होती.

"रोज पुसणार कोण, मेस्त्री? तुम्ही येणार?"

"नाही. पण उद्या यांची मांडी मोडली तर खाट माझ्याकडूनच भाड्याने न्यावी लागेल. मला काय, माझा फायदाच आहे."

यजमान घसरले ते गादीवर पडले होते म्हणून निभावलं. ते कोपऱ्यातून बारीक आवाजात म्हणाले, "मेस्त्री, त्यांना आणखी ओरडा. मला जोरात बोलता येत नाही." तेवढंच बोलायला त्यांना बराच वेळ लागला, आणि चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. ते विनोद करत होते हे मला जिन्यात आल्यावर कळलं. मी मग चपलांच्या तळव्यांचं पांढरं रबर शोधून त्याची टोपी करून दिली. तिचाही भाव बाईंनी पाडलाच.

कंपवाताबद्दल लोकांना एवढंच माहीत असतं की हात थरथरतात. काठी करणाऱ्याला हाताची काळजी कमी. काळजी पायांची. हा माणूस चालत चालत मध्येच थांबतो. पाय जमिनीला कोणी खिळ्यांनी ठोकून ठेवावेत तसा. वरचं अंग मात्र पुढे निघालेलं असतं, म्हणून तो पडतो. वळताना तर हमखास पडतो. तुम्ही आम्ही एका पावलात वळतो, तो चार चार पावलं घेत वळतो आणि त्यातच पायात पाय अडकतो. खाटेवरून झटकन उठला तर डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि पडताना त्याचा हात पुढे येत नाही. आपण पडलो तर नकळत हात टेकतो, फार तर मनगट दुखावतं. कंपवाताचा माणूस मुळातून तोडलेल्या झाडासारखा पडतो, सरळ कुशीवर.

दादरला एक मास्तर होते. त्यांचे पाय उंबऱ्याशी थिजायचे. घरातून बाहेर पडायला पाव पाव तास. मी त्यांच्यासाठी काठीचं माप घ्यायला गेलो त्या दिवशी काहीतरी सण होता आणि सुनेने दाराबाहेर रांगोळी घातली होती. मास्तर उंबऱ्याशी आले, थांबले. मी मनात म्हटलं, झालं, आता बसा. तर त्यांनी पाय उचलला, रांगोळीवरून लांब टाकला, दुसराही टाकला, आणि पलीकडे जाऊन उभे राहिले.

"हे कसं जमलं?" मी विचारलं.

"रांगोळी तुडवायची नसते," मास्तर म्हणाले. एवढंच कारण त्यांना ठाऊक होतं. मग आम्ही दोघांनी घरभर खडूने आडव्या रेघा मारून पाहिल्या. रेघ दिसली की त्यांचा पाय उचलायचा, पुसली की अडायचा. असं का होतं ते मला माहीत नाही. परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही असं पाहिलं होतं, पण का ते त्यांनाही नक्की सांगता आलं नाही. मला कारणाशी कर्तव्य नव्हतं. तेव्हापासून कंपवाताच्या घरी काठीबरोबर पांढऱ्या रंगाचा डबा मी घेऊनच जायचो.

हे परळचे डॉक्टर हाडांचे. माझ्याकडून कुबड्या घ्यायचे आणि प्रत्येक कुबडी जमिनीवर आपटून बघायचे. आमचं चांगलं जमायचं, कारण तेही भांडायचे. मी त्यांना एकदा विचारलं, "कंपवाताच्या माणसांची हाडं एवढ्याशा पडण्याने कशी मोडतात? गिरणीतला गडी माळ्यावरून पडतो आणि कपडे झटकून उठतो."

ते म्हणाले, "तुमच्याकडे घुण लागलेलं लाकूड येतं?"

"येतं. मी घेत नाही."

"वरून कसं दिसतं?"

"चांगलं दिसतं. ठोकून बघावं लागतं."

"तसं. दुखणं मेंदूचं, पण माणूस घाबरून बसून राहतो. न चालणाऱ्याचं हाड झिजतं. उन्हात जात नाही. गिळताना त्रास होतो म्हणून खाणं कमी, अंगावरचं मांस जातं, मग पडला की मध्ये गादीही नाही. त्यात म्हातारपण. एकदा पडला की घरचे म्हणतात, आता उठू नका. तो बसतो. हाड आणखी पोकळ होतं."

"मग करायचं काय?"

"चालवायचं. सकाळचं ऊन द्यायचं. दूध परवडत नसेल तर नाचणीची आंबील, मांदेली काट्यासकट. आणि पडू द्यायचं नाही. मोडल्यावर आम्ही सळई घालतो, पण पोकळ लाकडात स्क्रू धरतो का, मेस्त्री?"

"नाही धरत."

"मग मोडायच्या आधीचं काम तुमचं," असं म्हणून त्यांनी माझी एक कुबडी परत केली. तिच्यात खरोखरच गाठ होती.

आता तात्या.

तात्या लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, जॉबर होते. जॉबर म्हणजे खात्यातल्या गड्यांचा मुकादम. कामावर कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, हे एके काळी त्याच्या भुवईवर चालायचं. आवाज असा की साच्यांच्या खडखडाटात पलीकडच्या टोकाला ऐकू जायचा. मी मुंबईत नवा असताना त्यांनी मला चाळीच्या जिन्याखाली झोपायला जागा दिली होती. त्याचं भाडं घेतलं नाही, आणि मी घासाघीस करायला लागलो तर म्हणाले, "गप रव. फुकट असताना भाव करणारो तू पयलोच." असा माणूस. त्यांना कंपवात झाला आणि तो आवाज सगळ्यांत आधी गेला.

मी गेलो तेव्हा ते खोलीच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे दिवसाही दिवा लावावा लागतो, तिथे बसलेले होते. मुलगा अनंत गिरणीत पाळीवर, सून शेवंता चुलीपाशी, नातवंडं खाली. एक खोली. अनंतने मला बोलावलं होतं ते भोकाची खुर्ची करायला. खाली भांडं ठेवायचं, म्हणजे तात्यांना गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत जायला नको. दोनदा पडता पडता वाचले होते.

मी टेप काढली. तात्यांनी माझं मनगट धरलं. बोलायला वेळ लागत होता, मी थांबलो.

"माका खुर्ची नको."

"तात्या, सगळे वापरतात. मोठमोठ्या घरांत..."

"मोठ्या घरात खोले असतत. हय सुनेच्या समोर बसान मी? त्यापेक्षा मेलेलो बरो." पुन्हा थांबले. "माझे पाय आसत अजून. तू वाट कर."

शेवंता पाठमोरी होती. तिने वळून पाहिलं नाही, पण तिचा हात परातीत थांबला.

मी टेप गुंडाळली आणि अनंतला सांगितलं, "खुर्ची रद्द. वाट करू."

वाट म्हणजे काय ते सांगतो. खोलीपासून जिन्यापर्यंत गॅलरीचा कठडा होता, त्याचा आधार पुरेसा होता. जिन्याच्या पुढे संडासापर्यंत अरुंद बोळ. दोन्ही बाजूंना भिंत, धरायला काही नाही, खाली कायम ओलं. आणि संडासात गेल्यावर माणसाला वळावं लागतं. माझा बेत सोपा होता. बोळात कमरेच्या उंचीवर एक लांब सागवानी दांडा, संडासात एक उभा दांडा वळताना धरायला, आणि फरशीवर पांढरे पट्टे.

पण चाळीत भिंतीला खिळा मारायचा तर घरमालकाची परवानगी. त्याचा मेहता भाडं वसूल करायला येई. त्याच्याइतका चिवट माणूस मी वखारीतही पाहिला नाही.

"आज दांडा लावणार, उद्या म्हणणार बोळ आमचा," मेहता म्हणाला.

"संडासाचा बोळ कोणाला हवाय, मेहताजी? तुम्हाला देऊ?"

"हसू नका. कायमचं काही लावता येणार नाही."

"मग न कायमचं लावतो. भिंतीला हात लावत नाही. तुमच्या लाकडी खांबांना लोखंडी पट्ट्या आवळतो, त्यांना आकडे, आकड्यांवर दांडा, दांड्याला बोल्ट. उद्या म्हणाल तेव्हा पान्याने काढून देईन. एक भोक पडणार नाही."

त्याने विचार केला. "बदल्यात जिन्याच्या सडलेल्या पायऱ्या बदलून द्यायच्या. लाकूड तुमचं."

"लाकूड तुमचं, मजुरी माझी."

"लाकूड तुमचं. मजुरी तर तुम्ही असेही घेणार नव्हतात, तो तात्या तुमचा कोण लागतो ते मला कळलंय."

मी हरलो. आयुष्यात मला सौद्यात हरवणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यात हा एक. पण हेही लिहून ठेवतो की ज्याला सगळी चाळ चोर म्हणायची त्या मेहत्याने शब्द पाळला. दांड्याला त्याने कधी हात लावला नाही.

राहिली चाळकमिटी. कमिटीचा सेक्रेटरी हुशार, चपळ, बोलायला गोड. त्याचं नाव लिहीत नाही. त्याला वाचता येतं. तो म्हणाला, "मेस्त्री, हे काम आमचं होतं, तुम्ही केलंत. दांड्याला कोणी हात लावणार नाही, कमिटीचा शब्द." मी परक्या माणसाशी तासभर भांडलो आणि आपल्या माणसाचा नुसता शब्द घेऊन खाली उतरलो.

दांडा मी स्वतः घासला. हाताला कुठे कुसळ लागू नये म्हणून सबंध लांबीवर उलटा तळवा फिरवून पाहिला. पहिल्या दिवशी तात्यांनी तो धरला, पट्ट्यावरून पाय टाकला, पुढच्या पट्ट्यावरून टाकला. बोळाच्या तोंडाशी सगळं बिऱ्हाड जमलेलं. तात्यांनी मान वळवली आणि आम्हाला बघून म्हणाले, "गर्दी कित्याक? तमाशो आसा काय?" शेवंता पदर तोंडाला लावून हसत आत पळाली.

त्यानंतर ते एकटे जायचे. येताना गॅलरीत उन्हात थांबायचे, कठड्याला टेकून. शेवंता तिथेच आंबिलीचा पेला आणून द्यायची. अनंत म्हणाला, अंगावर थोडं मांस चढलंय. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "बघा, औषध माझं नाही आणि बिल पण माझं नाही." त्यांना वाटलं मी बिल लावलंय. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. धंद्यात नाव खराब होतं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गिरणगावात दुसरं बोलणंच नव्हतं. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे मीही घसा बसेपर्यंत ओरडलोय. दुकान बंद ठेवून मोर्च्यात गेलोय, लाठी खाल्लीय. हे मुद्दाम सांगतो. नाहीतर कोणी म्हणेल, याला चळवळीचं वावडं होतं. माझं भांडण चळवळीशी नाही.

चाळीच्या पटांगणात एका संध्याकाळी सभा ठरली. बाहेरचे मोठे वक्ते येणार होते. पिंपांवर फळ्या टाकून व्यासपीठ केलेलं, लाउडस्पीकर लावलेला, गर्दी गॅलऱ्यांतून खाली उतरलेली. मी दुकान बंद करून वेळेवर पोचलो आणि पुढे घुसलो. वक्ते चांगले बोलत होते. कामगारांच्या घामाबद्दल बोलले, म्हाताऱ्या आईबापांबद्दल बोलले. व्यासपीठाच्या पुढच्या बाजूला एक आडवा दांडा होता. त्यावर एक हात ठेवून, दुसरा उंच करून बोलत होते.

मी टाळ्या वाजवत होतो. मग माझी नजर त्या दांड्यावर गेली. लांब, सागवानी, गोल घासलेला. डाव्या टोकाला, जिथे लाकूड जरा कमी पडलं होतं, तिथे माझा तिरका जोड.

"दांडा इथे कसा?" मी शेजारच्याला विचारलं.

"श्श्! भाषण चाललंय."

"अहो, तो संडासाच्या बोळातला दांडा आहे!"

मागून कोणीतरी म्हणालं, "मेस्त्री, गप्प बसा हो! हिशेब उद्या करा!" आणि लोक हसले. मी धक्के देत मागे निघालो. गर्दीच्या कडेला शेवंता धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती.

"तात्या?"

"वर आहेत. त्यांनीच पाठवलं मला. म्हणाले, ऐक नि येऊन सांग." माझ्या तोंडाकडे पाहून तिने पोराला शेजारणीकडे दिलं. माझ्या मागून धावत आली.

तात्या बोळात पडलेले होते, उजव्या कुशीवर. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेर वळलेलं. अशी पावलं मी इस्पितळात पुष्कळ पाहिली होती. मला डॉक्टरची गरज नव्हती. त्यांच्या मुठीत दोरी होती. कपडे वाळत घालायची काथ्याची दोरी. दांडा काढल्यावर कमिटीच्या पोरांनी ती माझ्याच आकड्यांना बांधली होती, आणि सणासुदीचं दिसावं म्हणून तिला कागदी पताका चिकटवल्या होत्या.

दांडा नुसता काढून नेला असता, तर तात्या बोळाच्या तोंडाशी थांबले असते. पुढे काही नाही हे त्यांना दिसलं असतं. पण तिथे काहीतरी होतं. जिथे रोज हात जायचा तिथेच ते होतं. त्यांनी ते धरलं, अंगाचा भार टाकला, दोरी लोंबली आणि ते खाली गेले. हात पुढे आला नाही. खाली लाउडस्पीकर चालू होता. त्यांनी हाक मारली असेल, पण त्या आवाजाची हाक खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला पोचत नव्हती.

आम्ही खोलीचं दार काढलं आणि त्यांना त्या फळीवर घालून परळला नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, मला खिडकीशी नेऊन दाखवला. मांडीचं हाड खुब्याशी मोडलेलं. "सळई धरणार नाही," ते म्हणाले. "आणि भूल सोसेल असं वाटत नाही." पायाला वजन लावलं, दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या. काही महिन्यांनी तात्या घरी आले ते माझ्या खाटेवर. भांडं शेवंताच द्यायची. ती मान वळवून द्यायची, तात्या डोळे मिटून घ्यायचे, आणि कोणी त्याबद्दल बोलत नसे.

मी सेक्रेटरीला गाठलं. त्याच्या घरी, त्याच्या बायकोसमोर. मी काय बोललो ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मेस्त्री, दोन दिवसांत परत लावणारच होतो. तुम्हीच बोल्टने लावला होतात ना, निघण्यासारखा? शिवाय आम्ही न विचारता नेलेला नाही. तात्यांना विचारलं. ते हो म्हणाले."

बोल्टांचं मला कोणी सांगू नये. बोल्ट आपणहून फिरत नाही, त्याला पाना लावणारा हात लागतो. पण दुसरं वाक्य खरं असू शकत होतं. तात्या चळवळीचे कट्टर. दिलाही असेल दांडा, म्हटलं. माझा सगळा राग हवेत राहिला. मी तसाच तात्यांकडे गेलो आणि खाटेशी बसून विचारलं, "तात्या, तुम्ही दांडा न्यायला हो म्हणालात?"

त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्या चेहऱ्यावर आता काही दिसतच नसे. मी वाट पाहिली. शेवंताने चुलीवरचं भांडं उतरवलं तेवढा वेळ गेला. मग ओठ हलले.

"पोरगे दारात इले. म्हणाले, तात्या, दांडो नेव? दोन दिवसान आणून लावतो." थांबले. मी थांबलो. "मी 'नको' म्हणत होतंय. तोंडात येयपर्यंत ते जिन्यान खाली गेले."

मी पुन्हा सेक्रेटरीकडे गेलो आणि हे सांगितलं. तो म्हणाला, "आता ते तसं म्हणणार. तेव्हा ते काही बोलले नाहीत, रागावलेले दिसले नाहीत. आम्ही काय समजायचं? आणि मेस्त्री, केवढा मोठा लढा चाललाय, माणसं गोळ्या खाऊन मेली आहेत. तुम्ही एक दांडा घेऊन काय बसलात?"

दांडा त्यांनी आणून लावला. चांगला घट्ट लावला. नवे पट्टेसुद्धा मारले. ते वापरायला कोणी उरलं नव्हतं.

महाराष्ट्र झाला तेव्हा त्या पटांगणात पेढे वाटले गेले. मीही खाल्ला. तात्या आदल्या थंडीत, छाती भरून, गेले होते. मुंबई मिळाली याचा मला आनंद आहे, आणि कोणाच्या सांगण्यावरून तो मी कमी करणार नाही. सेक्रेटरी पुढे वर वर चढत गेला. आता तो लालबागेत राहत नाही, सभांना अध्यक्ष म्हणून येतो आणि त्या दिवसांच्या आठवणी सांगतो. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात मी शेवटी उठून उभा राहिलो, तर मला सांगण्यात आलं की प्रश्न लेखी द्यावेत. म्हणून लेखी देतो.

लढा मोठा होता, मान्य. सभा हवी होती, मान्य. पोरं चुकली, तीही पोरंच, तेही मान्य करतो. तुमचं म्हणणं एकच, की तात्यांना विचारलं होतं. मग मला सांगा. त्या दिवशी तात्यांच्या दारात कोण कोण उभं होतं? त्यांच्यात तुम्ही होतात की नव्हतात? आणि ज्या माणसाचा शब्द ओठांपर्यंत यायला वेळ लागतो हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं, त्याला प्रश्न विचारून उत्तर ऐकायला तुमच्यापैकी कोण थांबलं, त्याचं नाव सांगा. उत्तराला कितीही वेळ लागला तरी चालेल. मी थांबलोय.